साठात एक चमचा

१२ जानेवारी

चि. टिल्लू,

तू आता टिल्लू राहिली नाहीस हे मला कळतं, पण पत्रात उंची दिसत नाही, तेव्हा चालवून घे.

तुझं पत्र नेहमीसारखं दुकानाच्या पत्त्यावर आलं. वॉशरच्या डब्यांमागे उभ्यानं वाचलं, मग स्टुलावर बसून परत वाचलं. पाचवा महिना! नाचावंसं वाटलं, पण समोर गिऱ्हाईक गळका नळ हातात धरून उभं होतं. ‘आईला कळवू नका’ हे शेवटी लिहून तू खाली रेघ मारलीस. नाही कळवत. चार वर्षांत मी तिला तुझ्या हवापाण्याशिवाय काय सांगितलंय? संध्याकाळी घरी गेलो की ती विचारते, “पत्र आलं का?” मी म्हणतो, “आलं. बरी आहे.” “मला काही लिहिलंय?” “घाईत असेल गं.” एवढ्यावर आमचं पत्रवाचन आटपतं.

आज लिहायला कारण वेगळं आहे. मला तुझ्या सासरच्या धर्मातलं काम मिळालंय. एका ज्यू वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर नव्यानं बांधतायत, अर्धं जुनं चालू ठेवून. नळकाम माझ्याकडे. नकाशा उघडला तेव्हा वाटलं, काढणाऱ्याला एकाचे दोन दिसत असावेत. दोन सिंक, दोन ओटे, दोन शेगड्या, दोन कपाटं. एक बाजू लाल, ती मांसाची. दुसरी निळी, ती दुधालोण्याची. डावांच्या दांड्यांनासुद्धा रंग. तू लग्नानंतर आमच्या फ्रिजवर चिकटवलेल्या यादीत हे सगळं होतंच म्हणा. ती यादी तुझ्या आईनं पाठ केली, मी नुसता तिच्यावरून हात घालून पाण्याची बाटली काढत होतो.

पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. थर्मासमधला चहा प्यायलो, भरपूर दुधाचा, आणि सवयीनं चहाचा मग लाल सिंकमध्ये विसळला. स्वयंपाकीणबाई अशा ओरडल्या की मला वाटलं पाइपच फुटला. मग एक गृहस्थ आले. म्हातारे, किडकिडीत, पांढरी दाढी, खिशात टॉर्च. इथे नियम पाळले जातात की नाही हे बघणं एवढीच त्यांची नोकरी, म्हणून सगळे त्यांना तपासनीस म्हणतात. मी बोलणी खायच्या तयारीनं उभा राहिलो.

“चहा गरम होता?” त्यांनी विचारलं.

“आधी होता. उरलेला गार झालेला.”

“सिंकमध्ये एखादं भांडं होतं?”

“नाही.”

“पाणी गरम सोडलंत की गार?”

“गरमाची जोडणी अजून मीच करायचीय.”

“मग साबणानं धुवा आणि कामाला लागा.”

झालं! ना थयथयाट, ना पूर्वजांचा उद्धार. टिल्लू, चूक झाल्यावर आधी प्रश्न विचारायचे असतात, ही पद्धत मी साठी उलटेपर्यंत कुठे बघितली नव्हती. आपल्या घरात तर नाहीच नाही.

एक शंका आहे. तुझ्या घरात दोन सिंक आहेत का? नसतील तर कसं भागवतेस? जावयाला विचारून कळव. मी विचारतोय म्हणून सांग, म्हणजे त्याला झीट येईल.

बाबा


४ फेब्रुवारी

चि. टिल्लू,

सिंक एकच, पण तळाशी ठेवायला जाळ्या दोन, हे तुझं उत्तर तपासनीसांना वाचून दाखवलं. “मुलगी व्यवस्थित आहे,” म्हणाले. मी म्हणालो, “माझ्यावर गेलीय.” यावर त्यांनी माझ्या अवजारांच्या पिशवीकडे बघितलं.

आता माझी फजिती ऐक. दोन्ही सिंकचे पाइप मी खाली एका जोडात आणले आणि पुढे एकच मोठा पाइप काढला. कुठलाही नळवाला हेच करेल. मला तर हसूच येत होतं, वर एवढे सोवळेपणाचे रंग आणि खाली दोघांचं एकच गटार. तसं मी तपासनीसांना म्हणूनही दाखवलं, जरा खोचकच.

“खाली एक झालं तर हरकत नाही,” ते म्हणाले, “तिथे ते कुणाच्या खाण्याचं राहत नाही. पण तुंबलं तर पाणी कुठे जाईल?”

“माझं काम तुंबत नाही.”

“पण तुंबलं तर?”

मला राग आला. म्हटलं, दाखवूनच देतो. खालच्या पाइपात चिंध्यांचा बोळा कोंबला आणि लाल सिंकचा नळ पूर्ण सोडला. मिनिटभर काही नाही. मी त्यांच्याकडे विजयी मुद्रेनं बघितलं. तेवढ्यात निळ्या सिंकच्या भोकातून गुडगुड झालं आणि लालचं पाणी निळ्यात वर आलं, भाज्यांच्या सालींसकट. स्वयंपाकीणबाई पदराआड हसल्या असत्या, पण त्यांनी ॲप्रन घातला होता, म्हणून तोंडावर हसल्या. सगळं उकलून दोन्ही पाइप वेगळे भिंतीबाहेर नेले आणि जोड तिथे खाली दिला. दोन दिवस गेले. पण मला ते पटलं. वरून गेलेलं परत वर यायला नको.

आता मला चटकच लागलीय त्यांना खोदून खोदून विचारायची. मूळ आज्ञा एवढीशीच आहे म्हणे, पण ती तीनदा सांगितलीय, की करडू त्याच्याच आईच्या दुधात शिजवायचं नाही. बाकी ओटे, सिंक, जाळ्या हे सगळं पिढ्यांनी त्याभोवती घातलेलं कुंपण. मी म्हणालो, “कापलेल्या करडाला काय कळतंय दूध कुणाचं ते?”

“करडाला नाही कळत,” ते म्हणाले. “शिजवणाऱ्याला कळतं.”

मी पाना उचलून परत ओट्याखाली शिरलो.

मांस खाल्ल्यावर दुधासाठी सहा तास थांबायचं. काहींच्यात तीन. स्वयंपाकीणबाईंच्या माहेरी एकच, म्हणून त्या माहेराला फार मानतात. आणि दूध आधी घेतलं तर मात्र चूळ भरली, काहीतरी कोरडं खाल्लं, की लगेच मांस चालतं. दोन्हीकडून सारखं का नाही, असं विचारलं तर म्हणाले, मांसाची चव तोंडात रेंगाळते. तुम्ही किती तास थांबता?

घरी आलो तर तुझी आई माळा आवरत होती. तुझ्यासाठी म्हणून घेतलेलं ते नवं पातेलं अजून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलंय. मी म्हटलं, “वापरायला काढ की, चांगलं जाड बुडाचं आहे.” ती म्हणाली, “त्यांना ते आता चालायचं नाही, आणि मला ते वापरवत नाही.” एवढं बोलून परत वर सरकवलं. मी स्टूल धरून उभा होतो.

तब्येतीला जप. उलट्या थांबल्या का?

बाबा


२३ फेब्रुवारी

चि. टिल्लू,

आज मी घाईघाईनं लिहितोय, कारण मला मोठा शोध लागलाय!

परवा आश्रमात एक नर्स कुणा आजींसाठी दुधाचा पेला घेऊन जुन्या स्वयंपाकघरातून निघाली होती. मधूनच जाऊ नये असा नियम आहे, पण जवळचा रस्ता सगळ्यांनाच आवडतो. तिला माझ्या पाइपाची ठेच लागली आणि पेल्यातलं दूध हिंदकळून मांसाच्या सूपच्या डेगेत पडलं. ऐंशी माणसांचं दुपारचं जेवण! नर्स रडायला लागली, स्वयंपाकीणबाई खुर्चीवर बसल्या. तपासनीस आले आणि त्यांचं ते सुरू झालं. पेला किती भरला होता? आता किती आहे? त्यांनी पेला परत पाण्यानं तेवढाच भरून, कमी झालेलं चमच्यानं मोजलं. दोन चमचे. डेगेत सूप तीस लिटर. मग म्हणाले, “वाढा.”

मी तर आ वासला. म्हणजे दूध पडलं तरी चालतं? तर नियम असा, की चुकून पडलेली गोष्ट एक भाग आणि भांड्यातलं बाकीचं साठपट असेल, तर ती त्यात विरली असं धरायचं. मग ती नाहीच.

साठ! टिल्लू, मला एवढं आधी कुणी सांगितलं असतं तर! तुझी आई बाजारात गेल्याबरोबर मी माळ्यावरून ते पातेलं काढलं आणि मापाच्या मगानं पाणी भरलं. चार लिटर बसतं. एक मोठा चमचा लोणी, अगदी शिगोशीग धरला तरी त्याच्या दीडशेपट मांसाचा रस्सा त्या दिवशी, तुम्ही दोघं जेवायला आलात तेव्हा, त्या पातेल्यात होता. साठ कुठे आणि दीडशे कुठे! तुमच्याच नियमानं ते लोणी विरलं. जावयानं काही वावगं खाल्लं नाही, तू काही वावगं खाल्लं नाहीस, आणि तुझ्या आईनं तुम्हाला बाटवायचा घाट घातला असं जे तू जिन्यात उभी राहून बोललीस, ते उगाचच.

तेव्हा आता झालं गेलं सोडून दे. तिला बाळाचं कळू दे. ती शेजारणीच्या नातवाचे लोकरीचे मोजे विणत बसते आणि मी तिच्यासमोर तोंड शिवून बसतो. हे मला जड जातंय.

उलटटपाली लिही.

बाबा


११ मार्च

चि. टिल्लू,

तुझं दोन ओळींचं पत्र आलं. ‘बाबा, पडलं होतं की घातलं होतं, ते तपासनीसांना विचारा. आणि चमचा शिगोशीग होता हे तुम्हाला कुणी सांगितलं?’

पत्र चार दिवस खिशात ठेवून फिरलो. काम संपत आलंय, आता नुसते गरम पाण्याचे नळ बसवायचेत. तपासनीस टॉर्च मारून सांधे बघत होते तेव्हा विचारलं. माझ्या एका ओळखीच्या माणसाची गोष्ट म्हणून सांगितली. ओळखीच्या माणसाच्या गोष्टी कशा असतात ते त्यांना माहीत असावं.

ते म्हणाले, “साठाचा नियम चुकून पडलेल्याला. चव यावी म्हणून मुद्दाम घातलं असेल, तर हजारात एक असलं तरी विरत नाही. चव लागावी म्हणूनच घातलं ना? मग लागली नाही असं कसं म्हणायचं?”

मग टॉर्च बंद करून म्हणाले, “कुणी घातलं?”

त्यांना मी उत्तर दिलं नाही. तुला देतो.

मी घातलं.

त्या दिवशी तुझ्या आईनं सगळं यादीप्रमाणे केलं होतं. पातेलं नवं, सुरी नवी, लाकडी डाव नवा, मांस तू सांगितलेल्या दुकानातलं. त्याआधी दोनदा तिनं तोच बेत तेलात करून बघितला होता, लोण्यावाचून चव कशी येईल म्हणून. दोन्ही वेळा मीच खाल्ला आणि दोन्ही वेळा नाक मुरडलं. मला राग आला होता. माझ्याच घरातली ताटं चालत नाहीत, सुऱ्या चालत नाहीत, आणि ही बाई आनंदानं नवी भांडी घासतेय. तुम्ही आलात तेव्हा ती दार उघडायला गेली. मी झाकण काढून चाखलं. सपक लागलं. फ्रिज उघडला, लोण्याचा डबा काढला आणि एक मोठा चमचा आत ढवळला. चव यावी म्हणून घातलं, हे अर्धं खरं. जेवण झाल्यावर हात धुताना जावयाला सांगायचं होतं, ‘बघा, लोणी होतं. काही झालं का?’ मला जिंकायचं होतं. उरलेलं अर्धं ते.

जावई म्हणाला, “आई, फारच छान झालंय.” तेव्हा मी मनात टाळी वाजवली. मग तू पाणी आणायला उठलीस आणि ओट्यावर उघडा डबा बघितलास. “आई, यात लोणी आहे?” तुझ्या आईनं माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं. ती म्हणाली, “हो. माझ्याकडून गेलं.” जावयानं घास खाली ठेवला. तो ओरडला असता तर मी पण ओरडून कबूल केलं असतं. तसं मला चार वर्षं वाटतंय, पण खरं सांगायचं तर खात्री नाही.

तुम्ही गेल्यावर मी तिला विचारलं, असं का केलंस? म्हणाली, “माझ्यावरचा राग चार दिवसांत निवळेल. तुमच्यावरचा निवळायचा नाही. आधीच तुम्ही तिच्या लग्नात पाहुण्यासारखे उभे होतात.” चार दिवसांची चार वर्षं झाली. तुझी पत्रं माझ्या दुकानावर यायला लागली. मी चांगला बाप ठरलो आणि मला ते आवडलं. ते सोडवेना, म्हणून गप्प बसलो. तिच्यावर तू जो राग धरलास तो माझा आहे. परत घे आणि पत्ता बदलून पाठव.

हे पत्र टाकण्याआधी तिला वाचून दाखवलं. बाळाची गोष्ट यात नव्हतीच, ती तूच तिला कळव. सगळं ऐकून तिनं सुईवरची ओळ पुरी केली. मग म्हणाली, “शिगोशीग लिहिलंत का?” मी म्हटलं, “मोठा चमचा लिहिलंय.” म्हणाली, “शिगोशीग लिहा. डबा अर्धा झाला होता.”

तेव्हा शिगोशीग.

बाबा


२४ मार्च

चि. टिल्लू,

तुझं पत्र पहिल्यांदाच घराच्या पत्त्यावर आलं. पाकिटावर फक्त आईचं नाव. मी उघडलं नाही, उजेडात धरूनही बघितलं नाही. तिच्या हातात दिलं आणि बाहेर बसलो. ती स्वयंपाकघरात उभी राहून वाचत होती आणि नळ तसाच चालू होता. बऱ्याच वेळानं मीच आत जाऊन बंद केला.

“मी आजी होणार, हे तुम्हाला जानेवारीपासून माहीत होतं?”

“हो.”

“आज माझ्याशी बोलू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलली. तू रविवारी येतेस एवढं सांगितलं. आणि मी त्या वेळी घरी नसलो तर बरं, असं तू लिहिलंयस, तेही सांगितलं. ती अडखळली, मी म्हटलं, बरोबर आहे तिचं. वाईट वाटलं. वाटायलाच हवं होतं, चार वर्षं उशिरा वाटलं.

एकच लुडबुड केली, ती आधीच सांगून ठेवतो. तुझ्यापुढे काय ठेवायचं या विचारानं तुझ्या आईला झोप येईना. कुठलंही भांडं उचलायची आणि परत ठेवायची. मी तपासनीसांकडे गेलो. ते म्हणाले, “काहीच शिजवू नका. फळं ठेवा. फळं ना मांसाची ना दुधाची, दोन्हीकडे चालतात. वाट्या काचेच्या घ्या, काच काही शोषून घेत नाही. सुरी नवी.” मग निघताना म्हणाले, “त्या ओळखीच्या माणसाला सांगा, बरं केलं.”

सहा काचेच्या वाट्या आणि एक सुरी आणून ठेवलीय. मी त्यांना हात लावला, तो फक्त दुकानापासून घरापर्यंत.

येत्या रविवारी मी आश्रमात असेन. गरम पाणी सोडून सगळे सांधे तपासायचेत.

बाबा


३१ मार्च, रविवार

चि. टिल्लू,

आश्रमाचं काम झालं. लाल सिंक भरून सोडला, निळा कोरडा राहिला. निळा भरून सोडला, लाल कोरडा राहिला. तपासनीस गुडघ्यांवर बसून बघत होते. सगळं दुपारीच आटपलं, पण मी नसलेले सांधे घट्ट करत राहिलो. शेवटी स्वयंपाकीणबाईंनी हाकललं. मग बागेभोवती चार चकरा मारल्या. दिवे लागायच्या सुमाराला घरी आलो.

तू गेली होतीस. तुझी आई खिडकीशी बसली होती. डोळे सुजलेले आणि चेहरा असा, की मी पंचवीस वर्षांत बघितला नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाली, “लाथा मारतं. मी हात लावून बघितला.” मग विणकाम घेतलं. या वेळी लोकर शेजारणीची नव्हती.

मी हात धुवायला आत गेलो. टेबलावर पाच वाट्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. सहावी सुलटी, वर बशी झाकलेली. आत चिरलेली फळं, तुझ्या हातची. फोडी एकसारख्या नाहीत, तुला कधी जमल्याच नाहीत. बशीवर चिठ्ठी.

‘बाबा, यात काही घालू नका.’

साखरेचा डबा हाताशीच होता. तुझी आई दारातून बघत होती.

काही घातलं नाही. तसंच खाल्लं. चव होती.

बाबा